कोंड्याला घेतलेली

मामी,

गेल्या रविवारी सकाळी मी तुमचं वाक्य तीस-पस्तीस मुलांसमोर माइकवर म्हटलं, आणि सगळे हसले. तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहावी असं मला कधी वाटलं नाही, आणि खोटं कशाला बोलू, आजही प्रेमाचं भरतं वगैरे आलेलं नाही. पण जे घडलं ते ऐकून ज्याला लगेच उमगेल असं माणूस माझ्या ओळखीत एकच होतं, आणि ते तुम्ही. बाकीच्यांना आधी सगळं समजावत बसावं लागेल. तेवढा धीर माझ्यात कधीच नव्हता. तो तुमच्यातही नव्हता म्हणा.

चुकून हा कागद कोणाच्या हाती लागला तर त्याला वाटेल, म्हातारी कोणा मामाच्या बायकोला लिहिते आहे. तेव्हा लिहून टाकते, तुम्ही माझी आई. जन्म दिलेली. माझ्याआधी तुमची दोन मुलं वर्षाच्या आत गेली होती, म्हणून मी झाले तेव्हा आजीनं तंजावरकडचा जुना तोडगा काढला. बाराव्या दिवशी मला सुपात घालून उंबऱ्याबाहेर ठेवलं. दारावर फुलं विकायला येणाऱ्या पूक्कारम्मानं मला उचलून तिच्या झोपडीत नेलं, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही मला तिच्याकडून मापभर कोंडा देऊन विकत घेतलंत. मुलं ओढून नेणारं जे कोणी असेल त्याला वाटावं, हे या घरचं नव्हेच, कोंड्याच्या लायकीचं आहे, याला नेऊन काय करायचं! फसवणूक पुरी व्हावी म्हणून अशा मुलानं आईला आई म्हणायचं नाही. मामी म्हणायचं, तुम्ही म्हणायचं. दहा वर्षं भरली की पूक्कारम्मानं पुन्हा यायचं, तेवढाच कोंडा घरात परत टाकायचा, म्हणजे व्यवहार मोडला, मूल घरचंच होतं. मग तुम्ही मला मांडीवर घेऊन साखर भरवणार, आणि मी पहिल्यांदा आई म्हणणार. हे सगळं मला आजीनं सांगितलं होतं. मी न्हाणीघरात दार लावून त्या एका शब्दाची तालीम करायची. हसू नका.

मी चार वर्षांची असताना भाऊ झाला. तो धडधाकट, गुटगुटीत. त्याला सुपात घातला नाही की कोणाला दिला नाही. तो बोबडं बोलायला लागला तोच 'आई, तू' म्हणत. एकाच घरात, मद्रासजवळच्या तांबरमच्या रेल्वे क्वार्टरच्या दोन खोल्यांत, त्याची आई होती आणि माझी मामी होती, आणि दोघी एकाच चुलीपाशी एकाच लुगड्यात बसायच्या. त्याला निजवताना तुम्ही गात होतात. आवाज काही फार गोड नव्हता तुमचा, पण तुम्ही त्या गाण्यात त्याचं नाव घालायचात. मी दाराच्या या बाजूला पाटी घेऊन बसायची आणि त्याच्या नावाच्या जागी माझं नाव घालून बघायची. मात्रा बसायची नाही.

आणि मग माझी दहा वर्षं भरली. मला वाटतं तुम्हाला तो दिवस आठवत नसेल. मारणारा विसरतो म्हणतात. मी स्वयंपाकघरात पाटावर बसले आहे. अंगात निळं पावडं, म्हणजे घोळदार परकर, जरीच्या काठाचं, त्या दिवसासाठी शिवलेलं. वाटीत साखर. मागच्या दारात पूक्कारम्मा उभी आहे, ओच्यात कोंडा घेऊन, तोंडभर हसत. आत भावाला सकाळपासून ताप. तुम्ही चिंच कोळता आहात. तुम्ही तिच्या ओच्याकडे बघता, मग आतल्या खोलीकडे बघता, आणि तिला म्हणता, "आज वेण्डाम, नको. तू जा." ती म्हणते, "अम्मा, पोरगी केव्हाची बसलीय." तुम्ही आजीकडे वळता, "हिज घरात घेटली आणि त्यास कळलं, एक सुटली म्हणून, आणि ते बाळावर उलटलं तर? राहू द्या. ती तशीच बरी आहे." पूक्कारम्मा दोन पावलं मागे जाते. आणि मला वाटतं आता नाही तर कधीच नाही, म्हणून मी म्हणते. मोठ्यानं. आई!

तुम्ही तीन ढांगांत आलात आणि माझ्या तोंडावर हात दाबलात. चिंचेनं भरलेला हात. नाकातोंडात कोळ गेला. "गप! भावास खाशील काय?" असं म्हणालात तुम्ही. दहा वर्षांच्या पोरीला. नंतर ती साखर भावाला दिलीत, औषध कडू होतं म्हणून. मी पावडं काढायला लागले तर म्हणालात, "असू दे अंगात. शिवलंय तर वाया कशास घालवायचं." ती तुम्ही मला दिलेली एकुलती एक भेट, मामी. मी ते पावडं दोन वर्षं घातलं, आखूड होईपर्यंत. चांगलं होतं, शिवण एकदाही उसवली नाही.

भावाचा ताप दुसऱ्या दिवशी उतरला. पूक्कारम्माला पुन्हा कोणी बोलावलं नाही. मी चार-सहा महिने वाट बघितली, मग सोडून दिली. त्या तुमच्या भीतीला मी आता वाईट म्हणत नाही. दोन मुलं मातीत घातलेल्या बाईला कसली भीती वाटेल हे मला, एकही मूल नसलेलीला, काय कळणार! पण भीती होती ती त्याच्यासाठी. मी पणाला लावायची चीज होते. आपलं ते बाळ आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण जगानं दोन घरांसाठी केली. तुम्ही ती एका घरात बसवून दाखवलीत.

पुढचं सगळं तुम्हाला ठाऊकच आहे. मी शिकले, शाळेत शिक्षिका झाले, अड्यारला घर केलं. लग्न जमलं नाही, म्हणजे तुम्ही फारसं बघितलं नाहीत. भाऊ एन्नोरच्या वीजकेंद्रात लागला, तांबरममध्ये त्यानं स्वतःचं घर बांधलं. तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा त्याची बायको म्हणाली, आम्हाला झेपत नाही. मग तुम्ही माझ्याकडे आलात. दीड वर्ष! तुमच्या पाठीला मी एक जखम होऊ दिली नाही. शेजारच्या बायका म्हणायच्या, "पोटची पोर आहे म्हणून एवढं करते." मी म्हणायची, "छे हो, मामी लागतात माझ्या." तुम्ही ऐकायचात. तुमचे कान शेवटपर्यंत तिखट होते.

एका दुपारी मी तुम्हाला मऊ रस्समभात भरवत होते. दोन घास झाल्यावर तुम्ही तोंड मिटलंत आणि म्हणालात, "आता तरी मज आई म्हण की." मी तुमची हनुवटी पुसली. म्हटलं, "मामी, तोंड उघडा, भात निवतो." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी तुमच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तुम्ही माझं मनगट धरलंत. त्या सुकलेल्या हातात कुठून एवढा जोर आला देव जाणे. मी म्हटलं, "मामी, मी कोंड्याची. मला तो शब्द येत नाही." चौथ्या दिवशी तुमची वाचा गेली आणि आठवड्यानं तुम्ही गेलात. भाऊ एन्नोरहून धावत आला आणि 'आई, आई' करून गल्ली गोळा केली. मी भिंतीशी उभी होते आणि माझ्या मनात एवढंच होतं की शेवटचा डाव मी जिंकले. तुम्हाला राग येईल, येऊ दे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते माझ्याबद्दलच असणार, आणि पीळ तुमच्याच हातचा आहे.

आता रविवारचं सांगते. निवृत्त झाल्यापासून मी अड्यारमध्ये एका मुलांच्या वाचनालयात गोष्टी सांगते. चांगल्या सांगते, लोक लांबून पोरं घेऊन येतात. यंदा आमच्या भागातल्या एका जुन्या बंगल्याच्या बागेत केल्टिक महोत्सव भरला होता. केल्टिक म्हणजे आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स तिकडच्या लोकांचं गाणं, नाच, गोष्टी. चेन्नईला काय, मार्गळी महिन्यातल्या गाण्याच्या कचेऱ्या, म्हणजे मैफली, संपल्या की कानाला काहीतरी लागतंच! मोठ्यांसाठी संध्याकाळी कार्यक्रम, आणि सकाळी मुलांसाठी दोन तास गाणी आणि गोष्टी. हार्प घेऊन एक आयरिश बाई आली होती, लालबुंद झालेली, सारखी नारळपाणी पीत. गाणी तिची, गोष्टी तमिळ-इंग्रजीत सांगायला मी. गोष्टींचे कागद तिनं मला आठवडाभर आधी पाठवले होते. त्यातली एक वाचून मी खुर्चीतच बसून राहिले.

गोष्ट अशी. डोंगराच्या पोटात राहणारे लोक पाळण्यातलं गोरंगोमटं मूल पळवतात आणि त्याच्या जागी आपलं एखादं किरकिरं, म्हातारं पिल्लू ठेवून जातात. ते दिवसभर रडतं, खाखा खातं आणि वाढत नाही. आईला संशय येतो. एक जाणती बाई तिला सांगते, अंड्याच्या कवचात स्वयंपाक करायला घे. ते बघून पाळण्यातलं पिल्लू आश्चर्यानं उठून बसतं आणि बोलून जातं, शेकडो वर्षं जगलो पण असला स्वयंपाक नाही पाहिला! झालं, पकडलं गेलं. आई त्याला उचलून बाहेर भिरकावते, आणि पाळण्यात बघते तो तिचं खरं मूल हसतंय. हार्पवाली बाई मला म्हणाली, तिकडे आया पाळण्याशी गायच्या ते मूल झोपावं म्हणून नव्हे, तर कोणी बदलून नेऊ नये म्हणून. मी म्हटलं, आमच्याकडे आम्हीच बदलून ठेवतो. तिला वाटलं मी विनोद केला.

भावाची नात आली होती तांबरमहून, सहा वर्षांची. तिला तुम्ही पाहिलेलं नाही. भावाच्या मुलानं नाशिकची मुलगी केली, ती इथे सॉफ्टवेअरमध्ये आहे. आपली तंजावरी मराठी ऐकली की तिला हसू आवरत नाही, पण वाईट नाही, पोरीला जिवापाड जपते. पोरगी मला अड्यार पाट्टी म्हणते, अड्यारची आजी. रंगानं, नाकानं, बसायच्या ढबीनं ती थेट तुमच्यासारखी आहे. मी तिला कधी फार जवळ घेतलं नाही, ते त्यामुळेच.

गोष्टीसाठी मी वेताची मोठी टोपली आणली होती, पाळणा म्हणून. बदललेलं मूल कोण होणार विचारल्यावर वीस हात वर झाले. मी हिला उचललं. अहो, काय झकास काम केलं पोरीनं! भोकाड काय पसरलं, हावरटासारखं खाल्लं काय, आणि कवचातला स्वयंपाक बघून अशी ताडकन उठून बसली की माणसं खुर्चीतून पुढे झाली. मग मी तिला टोपलीबाहेर काढलं आणि दुसरी एक गोरी, कुरळ्या केसांची मुलगी खरं बाळ म्हणून आत बसवली. हार्प वाजायला लागली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या त्या टोपलीतल्या मुलीसाठी. ही बाजूला उभी. माझ्या साडीला ओढून तिनं विचारलं, आणि माइक जवळ होता म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं, "पाट्टी, मी आता कुठे जाऊ?"

गोष्टीत तिच्यासाठी काही नव्हतं. बाहेर भिरकावलेल्याचं काय होतं ते तिकडचंही कोणी सांगत नाही. मला सांगता आलं असतं, ये, माझ्याजवळ बस. मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, तुमच्या नाकाकडे, आणि माइकवर म्हटलं, "तू जा गं! उन्नै तविट्टुक्कु वांगिनोम. तुला तर कोंड्याला घेतलंय!" अख्खी बाग हसली. त्यांचं चुकलं नाही. इथल्या प्रत्येक घरात पोरांना असं चिडवतात, त्या प्रत्येकानं ते लहानपणी ऐकलेलं आहे. तिची आई फोनवर चित्रण करत होती, तीही खळखळून हसत ओरडली, "आत्या, आमच्याकडे बोहारणीकडून घेतलं म्हणतात!" पोरीनं आधी सगळ्यांकडे बघितलं, मग हसणाऱ्या आईकडे बघितलं. मला ते डोळे ओळखीचे होते. मामी, मला मजा आली. चौसष्ट वर्षांची बाई मी, आणि सहा वर्षांच्या पोरीचं तोंड उतरलेलं बघून जिवाला गार वाटलं. तुमच्या तोंडाचं तसं तोंड झालेलं मी, त्या भात भरवण्याच्या दिवसांनंतर, दुसऱ्यांदा बघत होते.

काल भावाचा फोन आला. "अक्का, तू काय सांगून ठेवलंस पोरीस? रविवारपासून आईला मम्मा म्हणत नाही. आंटी म्हणते! जेवायला वाढलं तर म्हणते, थँक्यू आंटी. तिची आई काल ऑफिसला गेली नाही, रडत बसली होती." मी म्हटलं, "सगळ्यांना म्हणतात रे तसं." तो म्हणाला, "तेच तिला सांगितलं. मलाही म्हणायची आई, कोंड्यास घेटला म्हणून, ते सांगितलं. ऐकत नाही. म्हणते, अड्यार पाट्टीला विचारा." मी त्याला म्हटलं, "तुला म्हणायच्या. माझ्यासाठी कोंडा खरोखर मोजून दिला होता." साठीला आलेला माणूस, त्याला आजतागायत वाटत होतं मामी म्हणणं ही माझी लहानपणची एक खोड आहे. मग म्हणाला, "अक्का, तुझ्या पाया पडतो, एकदा येऊन तिला सांग की थट्टा होती." मी म्हटलं, येते. आज सकाळी जायचं होतं. आता दुपारचे तीन वाजले आहेत, साडी नेसून तयार आहे, आणि बसून तुम्हाला हे लिहिते आहे. तांबरमची गाडी दर दहा मिनिटांनी आहे, गाडीचं कारण सांगता यायचं नाही.

भावाला मी फोनवर सांगितलं, कार्यक्रमानंतर माझं तिच्याशी काही बोलणं झालं नाही. ते खोटं आहे. हा कागद कोणाला द्यायचा नाही, म्हणून इथे खरं लिहिते. कार्यक्रम संपल्यावर मी बंगल्यामागच्या नळावर पाय धूत होते तिथे ती आली. एकटीच. चप्पल उलटसुलट घातलेली. म्हणाली, "पाट्टी, खरंच घेतलंय मला?" मी नाही म्हटलं नाही. नळ चालू ठेवला. मग तिनं ते विचारलं, जे मी त्या पाटावर बसून तुम्हाला विचारायला हवं होतं आणि माझ्या तोंडात चिंच होती. "मग मी कोणाची?"

मी म्हटलं, "माझी. पण घरी कोणाला सांगायचं नाही."

आज चौथा दिवस. भावानं विचारलं, तिच्या आईनं रडून विचारलं, खाऊचं आमिष दाखवलं, ओरडून पाहिलं. तिनं कोणालाही सांगितलेलं नाही. मामी, माझ्यासाठी आजवर कोणी एवढं केलं नव्हतं.